भागूबायचा परवाना

भागूबाय सोमवारला सोमवार म्हणत नसे. "आयतवारच्या दुसऱ्या दिसाला येईन, परभूदादा," असं ती सांगायची, आणि पहिल्या वेळी मी खुळ्यासारखा बोटं मोजत बसलो होतो. तिच्या नवऱ्याचं नाव सोमा. ते चुकूनही तोंडून निघू नये म्हणून तिनं आठवड्यातला एक वारच गाळून टाकला होता. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, हे तिला आईनं सांगितलेलं, आईला आजीनं. आमच्या घरी तरी वेगळं काय होतं म्हणा! पण आमच्या बायका निदान वाराला वार म्हणत.

त्या काळी मी ठाण्याच्या कचेरीबाहेर चिंचेखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत असे. भागूबाय खाडीपलीकडची, कळव्याची. जातीची आगरी, काम मिठागरावर. उंच, सडसडीत, काळी कुळकुळीत, आणि टाचांना मिठानं पडलेल्या भेगा. होडीनं खाडी उतरून यायची ती येताना माझ्यासाठी पानात बांधून सुकट आणायची. आम्ही कायस्थ प्रभू. मासळीला नको म्हणणं आमच्यात पाप. त्यामुळे आमची ओळख लवकर जमली.

तिची जीभ मात्र तिखट. कचेरीतल्या शिपायानं एकदा तिला "ए बाई, हो बाजूला" म्हणून हटकलं. ही कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "जेवनात मीठ खातंस का नाय?" शिपाई म्हणाला, खातो. "कुनाचा? आमचाच ना? मंग आमच्याशी बेइमानी करू नको, सर तूच बाजूला." आणि तो खरंच सरला! मी फार विचार करत बसलो की मलाही ऐकवायची, "इचार करून डोका पिकल दादा, मीठ नाय पिकाचा."

सोमा पारसिकच्या डोंगरात दगड फोडायचा. आफ्रिकेत मोंबाशाला सरकार आगगाडीचा रस्ता बांधतंय, तिथं दगड फोडणारी माणसं हवीत, असं कळलं आणि तो गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, अंगठा उठवून आगबोटीत बसला. त्याच्याबरोबर शहाडचा एक पाथरवटही गेला होता. मग एका हंगामात तिकडून आलेल्या खलाशाबरोबर सोमाचा निरोप आला. मुदत वाढवून घेतली आहे, राहायला खोपट मिळालं आहे, अंगात ताप मुरलाय, करायला कोणी नाही, तू निघून ये. भागूबाय दुसऱ्याच दिवशी माझ्यापुढे येऊन बसली. "लिवा दादा. मला जावाचा हाय. पावसाच्या आदी."

मी म्हटलं, त्यात काय, लिहू. आणि तिथून माझी मती गुंग व्हायला सुरुवात झाली.

तोवर माझी समजूत अशी, की परवाना म्हणजे परवाना. कचेरीत विचारलं तर एक कारकून म्हणाला, बायकोला परवाना लागतच नाही, ती नवऱ्याच्या परवान्यात येते. दुसरा म्हणाला, नवरा बरोबर असेल तर येते; तो आधी गेला असेल तर तिला निराळा लागतो. गिरमिटावर जाणाऱ्या मजुराचा एक, आपल्या खर्चानं जाणाऱ्या व्यापाऱ्याचा दुसरा, हजला जाणाऱ्यांचा तिसरा, आणि नवऱ्याकडे जाणाऱ्या बाईचा कोणता हे ठाण्यात कोणालाच माहीत नाही. एकानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, की तिला मजूर म्हणूनच दाखवा, म्हणजे भानगड नको. ते ऐकून भागूबाय म्हणाली, "मी मजूर हावच. पन थय मजुरीला नाय जात, मानसाला भेटाला जातंय. दोन गोष्टी कशा एक होतील?"

मग लग्नाचा दाखला हवा असं निघालं. आगऱ्यांची लग्नं लावते धवलारीण. ती बाई धवला, म्हणजे लग्नाची गाणी म्हणते आणि त्या गाण्यांतच लग्न लागतं. कागद नाही, शाई नाही. "लग्न कुनी लावला त्याचा पुरावा पायजे ना? आनतंय धवलारनीला. ती सायबापुढं धवला गाईल, त्यात दोघांचीबी नावा हायेत," ही म्हणाली. कारकुनानं माझ्याकडे पाहिलं, मी चिंचेकडे. शेवटी त्यानंच कंटाळून सांगितलं, मुंबईला जा, तिथला साहेब बाईला समक्ष पाहतो, विचारतो, त्याची खात्री पटली की देतो.

मी तिच्याबरोबर गेलो. जायलाच हवं होतं असं नाही, पण ती बाई त्या शहरात एकटी काय करणार, आणि खरं सांगायचं तर हा परवाना असतो तरी कसा ते मलाही एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. आधी डॉक्टर. प्लेगचे दिवस, डोळे, जीभ, काखा सगळं पाहिलं. भागूबाय दात आवळून उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हशीला बाजारात असाच बगतात." पण डॉक्टरचा शिक्का मिळाला, आणि आम्ही साहेबाच्या खोलीबाहेर बाकावर बसलो.

आमच्या आधी एक घाटावरची पोर होती. पोरच म्हणायची. तिच्याबरोबरचा मुकादम तिला भिंतीशी नेऊन हळूच पढवत होता, "नवऱ्याचं नाव विठू. विठू. विसरशील तर बघ." ती आत गेली. दार उघडंच होतं. दुभाष्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव काय? "विठू," पोपटासारखं आलं. स्वखुशीनं जातेस? "हो." धाडकन शिक्का बसला आणि मुकादम तिला घेऊन गेलासुद्धा.

मग आमची पाळी. साहेब वयस्क होता, चेहऱ्यावरून दुष्ट वाटला नाही. दुभाषी मात्र त्याला भारी भ्यायचा, शब्दाला शब्द ठेवून बोलायचा. कुठं जायचं? मोंबाशाला. कोणाकडे? घरधन्याकडे. त्याचं नाव?

भागूबायनं पदर पुढे ओढला.

नाव काय, म्हणून पुन्हा विचारलं. "आयतवारच्या दुसऱ्या दिसाचा जो हाय, त्यो," ती पदराआडून म्हणाली. दुभाष्यानं तेच इंग्रजीत करून सांगितलं. साहेब म्हणाला, कधी निघणार ते मी विचारलेलं नाही. दुभाषी घामाघूम. मला राहवलं नाही. मी दारातून "साहेब, तिच्या नवऱ्याचं नाव..." एवढं म्हणतोय तोच साहेबानं हात वर केला आणि शिपायानं मला मागे सारून दार लोटलं. नाव दुसऱ्यानं सांगायचं नाही, असा नियम होता. का, तर बायकांना फसवून, खोट्या बायका करून परमुलखात नेऊन विकतात म्हणून. बाई खरी की खोटी हे ओळखायचं कसं? तर तिला एकटीला नवऱ्याचं नाव विचारायचं. नियम करणाऱ्याच्या मनात पाप नव्हतं हो! चांगल्यासाठीच केलेला नियम. म्हणून तर डोकं जास्त फिरतं.

थोड्या वेळानं ती बाहेर आली. हात रिकामे. दुभाषी मागोमाग येऊन मला कुजबुजला, "साहेबांचं मत पडलं, बाई कुणाची बायको नाही. नाव घेतलं तर आत्ताही देतील. संध्याकाळपर्यंत बसलेत."

मी तिला जिन्याखाली नेलं आणि तोंडाला येईल ते बोललो. "अगं, दोन अक्षरं! दोन अक्षरांनी माणूस मरतो होय? तो तिकडे तापानं फणफणतोय, आणि तू इथं सोवळं पाळतेस?" माझा आवाज चढला, लोक बघायला लागले. तिनं मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "दादा, समजा घेतला नाव. सायबानं परवाना दिला. मी आगबोटीतून थय उतरलंय, आनी त्यो नाय. मंग त्यो परवाना मी कुनाला दावू?"

मी म्हटलं, हे सगळं खुळ आहे.

"आसल खुळ. तुमच्या घरची घेते का तुमचा नाव?"

ती जिन्याखालून बाहेर आली, रस्त्यावरच्या नळाला तोंड धुतलं आणि म्हणाली, "ती मगाची पोर. ती इठूची बायको नाय, दादा. नाव घेताना जीब अडकली नाय तिची." आम्ही परतलो.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला विचारलं, "तुझ्यावर अशी वेळ आली तर घेशील माझं नाव?" ती म्हणाली, "भलतंच काय विचारता!" आणि आमटी वाढायची राहिलीच. मला रागही आला आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. साहेब चुकला म्हणावं, तर त्याचा नियम नसता तर किती पोरी विकल्या गेल्या असत्या. भागूबाय चुकली म्हणावं, तर माझ्याच घरात काय चाललंय? मी अर्ज लिहिणारा माणूस, कुणाची बाजू मांडायची ते मला कळायला हवं. त्या वेळी कळलं नाही आणि आज केस पिकल्यावरही कळत नाही.

पावसाळा लागला, आगबोटी थांबल्या. भागूबाय मिठागर बंद म्हणून शेतात राबायची. अधूनमधून यायची, सुकट ठेवायची, विचारायची, "दादा, कायदा बदलला का?" जसा काही कायदा माझ्या मेजाच्या खणात होता! मी म्हणायचो, नाही बाय. "बदलल. मानसानंच केलाय ना?" आणि होडी गाठायला निघून जायची. तिनं कधी मला दोष दिला नाही, साहेबालाही नाही. फक्त कुंकू पूर्वीपेक्षा मोठं लावायला लागली होती. मला ते पाहवत नसे.

पाऊस सरल्यावर शहाडचा तो पाथरवट परत आला. आधी कळव्याला भागूबायच्या घरी गेला, मग गावातल्या लोकांनी त्याला माझ्याकडे आणलं. सोमा गेला होता. तापानंच. पाऊस सुरू व्हायच्याही आधी. पाथरवट सांगत होता, की शेवटी शेवटी दाराकडे बघायचा आणि विचारायचा, बोट आली का.

सुतक फिटल्यावर एके दिवशी भागूबाय आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. मला उठून उभं राहावंसं वाटलं, उठलोही. ती नेहमीच्या जागी बसली. चिंचेखाली दुसरं कोणी नव्हतं.

"दादा, तुमी शिकलेले. एक सांगा," ती म्हणाली. "मी तं नाव कंदी घेतला नाय. सपनातबी नाय. जपून ऱ्हायलंय. मंग त्यो कसा गेला?"

मी सगळ्या मुलखाचे अर्ज लिहिलेत. खोटे, खरे, रडके, भांडखोर. त्या बाईला द्यायला माझ्यापाशी एक ओळ नव्हती. मी नुसता लेखणी पुसत बसलो. पुसून पुसून बोटं काळी झाली.

तिनं माझ्या बोटांकडे पाहिलं. मग पदर नीट केला, आणि लहान पोरानं अक्षर जुळवावं तसं ओठ जुळवून म्हणाली, "सोमा."

थांबली. पुन्हा म्हणाली, "सोमा." आणि माझ्याकडे पाहिलं.

"पयल्यांदाच घेतला, दादा. बराबर घेतला का?"