चर्चागटातली विचारपूस

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सांगलीजवळच्या कुपवाडमधल्या आमच्या लहानशा फाउंड्रीत ई-मेल आली. मी मूळचा साताऱ्याचा. इंग्रजी पत्रव्यवहार माझ्याकडे. माझा भागीदार तासगावकडचा, भट्टी त्याच्याकडे. त्या सुमारास आमच्या कास्टिंगवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडी भागांवर, बारीक भोकं पडू लागली होती. मुख्य गिऱ्हाइकाने माल परत पाठवला आणि पुन्हा असेच झाले तर काम दुसरीकडे देऊ, असे कळवले. म्हणून मी देशोदेशीच्या ओतकाम करणाऱ्यांच्या ई-मेल चर्चागटात प्रश्न विचारला. तिथे एकाने लिहिलेले पत्र शेकडो सभासदांना जात असे.

उत्तरे भराभर आली, पण कोरडी : साच्याची वाळू तपासा, एवढेच. ना नमस्कार, ना विचारपूस.

"गड्या, ही काय माणसं हायत? वाळू तपासा म्हणं!" भागीदार म्हणाला. "तरी बी पोच दे बाबा. आपली रीत सोडू नगंस."

माझ्यावरचे संस्कारही तेच होते. मी प्रत्येकाला स्वतंत्र पोच दिली : आपले पत्र पावले, आभारी आहे, घरची मंडळी क्षेम असावीत. हे सारे गटाला जाते, हे मला ठाऊक होते. आभार चारचौघांत मानलेले शोभतात, असा माझा समज होता. आपले इंग्रजीही चारचौघांनी पाहावे, ही हौस त्यात नव्हतीच, असे मला म्हणवत नाही.

स्वीडनच्या एका गृहस्थांनी मनापासून उत्तर दिले : पत्नी बरी आहे, फक्त गुडघे दुखतात. त्यावर कॅनडातून शेकण्याचा उपाय आला. मग जगभरचे ओतारी गुडघ्यांवरच बोलू लागले आणि आमची भोकं बाजूला पडली. शेवटी गट चालवणाऱ्यांनी मला ताकीद दिली : आभार खासगीत माना, पुन्हा असे पत्र गटात आले, तर आपले नाव काढावे लागेल.

"आभार मानलं म्हणून हाकलत्यात व्हय?" भागीदाराला हसू आवरेना. "तुझ्या गोड बोलण्यापायी गिऱ्हाईक बी जाणार नि गट बी!"

मी गप्प झालो. इतका, की ज्याचे उत्तर अखेर लागू पडले, त्याच्याबद्दलही गटात अवाक्षर लिहिले नाही. त्याने एवढेच विचारले होते, "भोकं सुरुवातीला ओतलेल्या कास्टिंगलाच येतात का? मग लेडलचे अस्तर ओले आहे." नेमके तसेच होते. रस ओतायचे ते लेडल आम्ही नीट तापवू लागलो आणि पुढचा माल गिऱ्हाइकाने मुकाट्याने ठेवून घेतला.

काही दिवसांनी गट चालवणाऱ्यांचेच पत्र आले : सांगलीच्या भोकांचे काय झाले? मी भीतभीत खासगीत विचारले, गटात लिहिलेले चालेल ना? उत्तर आले, "आभार नकोत, निकाल हवा. ज्यांनी तुमच्यासाठी डोके चालवले, त्यांना त्याचे फळ न कळवणे, यालाच आम्ही उद्धटपणा म्हणतो."

ते मला लागले आणि पटलेही. सभ्यपणाच्या नादात मी नेमका तोच करून बसलो होतो. काय केले आणि काय झाले, एवढेच मी चार ओळींत लिहिले. भागीदार वाकून पडद्याकडे पाहत होता.

"संपलं?"

"संपलं."

"लय झ्याक. असं थोडक्यात माझ्या लग्नात बोलला असतास, तर पाव्हण्यांना गरम जेवाण मिळालं असतं की रं!"