खाली माणूस आहे

आमच्या आत्याशी भांडायचं असेल तर सकाळीच भांडावं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते मिटण्याची थोडीफार आशा असते. दुपारनंतर तिच्या वाटेला जाणाऱ्याने दुसऱ्या दिवसाचंही काम हाती घेऊ नये. मी तिची सख्खी भाची, आणि तिच्याच घरात वाढलेली, म्हणून एवढं खात्रीनं सांगते. तिचा आवाज मोठा, चाल जोरकस, आणि समोरचा साहेब असो की शेजारीण, बोलण्यात फरक नाही. कोळशाच्या खाणीत तिनं उभं आयुष्य काढलं, पण एकदाही खाली उतरली नाही.

खाणीच्या दारात एक लांबट खोली होती. एका भिंतीला टोपीवर लावायचे दिवे चार्जिंगला लावलेले, समोरच्या भिंतीवर खिळे ठोकलेला मोठा फळा, आणि मधल्या खिडकीत आत्या. खाली जाणाऱ्यानं आपला पितळी बिल्ला खिडकीत द्यायचा. आत्या तो त्याच्या नंबराच्या खिळ्याला अडकवणार आणि मग दिवा हातात देणार. वर आलं की दिवा परत, बिल्ला परत. फळ्यावर बिल्ला दिसतोय तोवर तो माणूस खाली आहे, आणि खाली माणूस आहे तोवर हवेचा पंखा आणि पाण्याचा पंप बंद करायचा नाही. एवढाच कारभार, पण त्यात आत्या कुणाला बोट घालू देत नसे.

आमच्याकडे 'वर आला' म्हणजे धडधाकट घरी आला. बाकी जगात माणूस वर गेला म्हणजे काय होतं, ते वेगळं सांगायला नको. मी लहान असताना शेजारच्या काकूंच्या नवऱ्यासाठी बाहेरगावच्या एका नातेवाइकानं फोन केला, आणि काकूंनी त्याला सांगितलं, "ते आत्ताच वर गेलेत." काकूंना म्हणायचं होतं, खालची पाळी संपली. पण तो बिचारा रडत रडत दारात हजर झाला. ही गोष्ट गावात कितीदा सांगितली गेली असेल, त्याला गणती नाही. आत्या मात्र त्यावर कधी हसली नाही.

त्याला कारण आमचे काका, म्हणजे तिचा नवरा. तो स्वभावानं विसराळू होता. पाळी संपली की कधी कधी दिवा टोपीवर तसाच ठेवून सरळ घरी यायचा, मग कुणीतरी सायकलवरून येऊन तो घेऊन जायचा. एकदा जुन्या बोगद्यात छत कोसळलं. सगळे वर आले, फळ्यावर एकच बिल्ला उरला, तो काकांचा. तेव्हा खिडकीत जो माणूस बसायचा तो म्हणाला, "हा नेहमीसारखा दिवा घेऊन घरी गेला असणार." आणि त्यानं बिल्ला काढून ठेवला. फळा रिकामा झाला, त्यामुळे शोधायला कुणी उतरलंच नाही. इकडे आत्याला वाटलं, जास्तीची पाळी करत असतील. काका दुसऱ्या दिवशी सापडले, तेव्हा उशीर झाला होता. कंपनीनं आत्याला दोन गोष्टी दिल्या, तो बिल्ला आणि त्याच खिडकीतली नोकरी. बिल्ला तिनं सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवला. नोकरीवर बसल्या बसल्या तिनं मॅनेजरच्या मागे लागून एक नियम करून घेतला, की बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

असं चाललं होतं, आणि मग कोळसा संपला.

म्हणजे एका दिवसात नाही. आधी कोळशापेक्षा दगड जास्त यायला लागला, मग पाळ्या कमी झाल्या, मग हेड ऑफिसहून एक साहेब आले आणि कॅंटीनमध्ये सगळ्यांना बसवून म्हणाले, "साठा संपला आहे. आता इथे काही नाही." आत्या मागून म्हणाली, "आम्ही आहोत की." लोक हसले. साहेबही हसले, पण त्यांच्या डोक्यात हिशेब पक्का होता. ठरल्या दिवशी खाण बंद. खालचे पंप उपटून वर आणायचे, त्यांतलं तांबं विकायचं. तांब्याच्या खाणीही आता आटत चालल्यात म्हणे, त्यामुळे जुन्या तांब्याला सोन्याचा मान आला आहे.

आता ह्या पंपांचं सांगते, कारण त्यांवर मीच कामाला होते. खाणीत पाणी झिरपतं. ते रात्रंदिवस उपसलं नाही तर खाण बुडते. इतकी वर्षं आम्ही कोळशासाठी पाणी उपसलं आणि ह्या उपशानं गावातल्या विहिरी कधीच्या आटल्या. मग कंपनीनं उपसलेलं पाणी टाक्यांत निवळून गावाला सोडायला सुरुवात केली, जणू उपकारच. त्यामुळे घराघरातला नळ म्हणजे खाणीचं पाणी. पंप काढले की नळ कोरडे, आणि खाण एकदा बुडली की पुन्हा पंप बसवायला खाली जाणार कोण? गावानं कंपनीला विनवलं, पंप आम्हाला द्या, आम्ही चालवू. कंपनी म्हणाली, लोकांनी दुसरीकडे जावं, दुसरीकडे पुष्कळ जागा आहे. कोळशाबरोबर सगळ्या गावावरच पाणी सोडायला निघाले होते, आणि पंपाचं बटण बंद करायचं काम माझ्या वाट्याला येणार होतं.

शेवटच्या पाळीला सगळे वर आले. एकेकानं दिवा दिला, बिल्ला घेतला. काही जण रडले. आत्या रडली नाही. शेवटचा माणूस गेल्यावर तिनं फळ्यावरून एकदा हात फिरवला, नोकरीबरोबर मिळालेला आणि कधीच न वापरलेला स्वतःचा बिल्ला खिळ्याला अडकवला, एक दिवा काढून पिशवीत टाकला आणि खोलीला कडी लावून घरी निघाली.

"आत्या, हे काय?" मी विचारलं.

"काय म्हणजे? मी खाली आहे. तू पंपावर जा."

मला समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर मी पळतच पंपावर गेले.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर घरी आले. त्यांना गावात सगळे चष्मा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता, फक्त वरून आलेला शब्द खाली पोचवायची त्यांना सवय होती. आत्या भाजी निवडत बसली होती, आणि दिवा शेजारी खिडकीत चार्जिंगला.

"आत्याबाई, दिवा द्या."

"कशाला?"

"कशाला काय? खाण बंद करायची आहे. तुम्ही वर आहात. मला समोर दिसताय."

"मला वर जायला अजून अवकाश आहे," आत्या म्हणाली.

चष्म्यांना हसू आवरेना. मग ते गंभीर झाले. "माझी नोकरी जाईल."

"ती खाणीबरोबर जाणारच आहे. जाता जाता एखादं बरं काम करून जा."

त्यांनी चहा प्यायला, दिव्याकडे एकदा बघितलं आणि दिवा न घेताच गेले.

त्यानंतरचे दिवस मजेत गेले म्हणायला हरकत नाही. आत्या बाजारात निघाली की लोक विचारायचे, "काय आत्या, खाली कसं आहे?" ती म्हणायची, "दमट आहे." पंप चालू होते. नळाला पाणी होतं. गावातली चार शहाणी माणसं ह्या उसंतीत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवत होती, पंप गावाच्या ताब्यात मिळावेत म्हणून. आणि मग एके दिवशी हेड ऑफिसचे साहेब पंप उपटणारी माणसं घेऊन थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"पंप बंद करा," ते मला म्हणाले.

पण आत्याच्या घरात वाढलेय मी. म्हटलं, "साहेब, फळा बघून या. खाली माणूस आहे."

ते तरातरा दिव्यांच्या खोलीत गेले, मागून आम्ही सगळे. चष्मे आधीच तिथे होते. फळ्यावर एकच बिल्ला लटकत होता.

"ही बाई कुठे आहे?"

"ही काय," खिडकीतून आत्या म्हणाली. टोपी घालून आली होती, टोपीवर दिवा.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले, आणि त्यांनी बिल्ल्याकडे हात नेला.

मला वाटलं, आता आत्या आभाळ डोक्यावर घेणार. पण ती अगदी हळू बोलली. इतक्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता.

"साहेब, माझ्या नवऱ्याचा बिल्ला असाच काढला होता. घरी गेला असेल म्हणून. तो खाली होता. सापडला तेव्हा त्याचा दिवा बंद होता. बिघडला नव्हता हो. मी बटण दाबलं तर लागला. म्हणजे तो काळोखात बसून दिवा पुरवत होता. कुणीतरी शोधायला येईल, तोवर पुरला पाहिजे म्हणून." ती थांबली. "एवढी अक्कल तुम्हा लोकांना असती तर कोळसाही पुरला असता. तो तुम्ही ओरबाडून संपवलात, आता पाणी नेताय. तेव्हा खाली असलेल्या माणसाला घरी धरलंत. आता घरी असलेल्या बाईला खाली धरा."

साहेबांचा हात अधांतरी राहिला. "हे असलं काही नियमात बसत नाही," ते म्हणाले.

चष्म्यांनी चष्मा काढून पुसला. "बसतं, साहेब. बिल्ला ज्याचा त्यानंच काढायचा. दुसऱ्यानं काढला तर मला माणसं उतरवून सगळी खाण शोधावी लागेल. आणि शोध संपेपर्यंत पंप चालूच ठेवावे लागतील."

साहेबांनी हात खाली घेतला. त्या दिवशी आत्यानं कंपनीला पाणी पाजलं, असं गावात अजून म्हणतात, आणि गावाला तर खरोखरच पाजलं.

पुढे बरीच ओढाताण झाली, ती सांगत बसत नाही. शेवटी पंप गावाचे झाले. आता आम्ही पाण्यासाठीच पाणी उपसतो. वीज महाग होत चालली आहे, ती कोळशाची, आणि कोळसा सगळीकडेच तळाला लागला आहे. म्हणून खाणीतून निघालेल्या मातीच्या डोंगरावर उन्हावर चालणारे पॅनेल बसवायचं चाललंय. त्यावरूनही भांडणं आहेत. पंपाचे भाग मिळत नाहीत, जुन्याला जुनं जोडून चालवतो. पुरवून पुरवून.

पंपांचा ताबा मिळाला त्या दिवशी आत्या दिवा घेऊन खोलीत आली. खिडकीत तिच्या जागी मी उभी होते. तिनं दिवा दिला, स्वतःच्या हातानं आपला बिल्ला काढला. "आले बाई वर," म्हणाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चष्मेही आले होते.

मग तिनं कमरेची पिशवी उघडली आणि काकांचा बिल्ला काढला. घासून लख्ख केलेला. तो तिनं त्यांच्या नंबराच्या खिळ्याला अडकवला आणि माझ्याकडे वळली.

"उद्या गावातलंच कुणीतरी शहाणं म्हणेल, पंप बंद करा, परवडत नाही. त्याला हा फळा दाखवायचा."

"आणि तो म्हणाला, बिल्ला काढा, तर?"

"ज्याचा त्यानंच काढायचा," आत्या म्हणाली.

मी रोज सकाळी कामावर आले की आधी फळा बघते. मग पंपावर जाते.