दोन चारोळ्यांची नानकटाई

आज सकाळी नानकटाई वळताना माझं लक्ष माझ्याच बोटाकडे गेलं. प्रत्येक गोळ्यावर ते दोन चारोळ्या शेजारी शेजारी दाबत होतं. ही आमच्या घरची खूण. पूर्वी दिवाळीआधी गल्लीतल्या आम्ही सगळ्याजणी पीठ घरी मळायचो आणि भाजायला बेकरीत न्यायचो. सगळ्यांचे ट्रे एकाच भट्टीत जायचे, म्हणून प्रत्येकीची खूण वेगळी. तरी अदलाबदल व्हायचीच. मग शेजारच्या कुसुमताई डबा घेऊन दारात हजर.

"अगं, तुझ्या दोन चारोळ्या आमच्याकडे आल्यात. माझ्या बदामवाल्या दे बघू!"

चार नानकटायांसाठी आलेल्या कुसुमताई चहा घेऊन तासाभराने उठायच्या.

ती बेकरी बंद झाली. कुसुमताई लेकाकडे राहायला गेल्या. आता माझा छोटा ओव्हन, एकच ट्रे आणि खाणारीही मी एकटीच. इथे कुणाची कुणात मिसळणार आहे? पण हे बोटाला कोण सांगणार!

शेवटचे चार गोळे उरले तेव्हा मात्र मी थांबले. बदामाचे काप शोधून काढले आणि त्यांच्यावर लावले. ट्रे आत सरकवला आणि जाऊन दाराची कडी काढून ठेवली.