साखरेत ठेवलेला मज्जातंतू

बेडकाचा मज्जातंतू मी मिठाच्या पाण्याऐवजी साखरेच्या पाण्यात ठेवायला दिला. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिला तर मी काय काय सांगून बसलोय.

सत्तरच्या दशकात कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी शरीरक्रियाशास्त्र शिकवायचो. मज्जापेशीतल्या सोडियम चॅनेलवरचा माझा तास तर गाजलेला. पेशीच्या आवरणात बारीक दारं असतात. विजेचा दाब बदलला की ती उघडतात, बाहेरचा, मिठातला सोडियम आत घुसतो, त्या धक्क्यानं पुढची दारं उघडतात — असा संदेश पळत जातो. आणि बाहेर सोडियमच नसेल तर? दार उघडून उपयोग काय, पाहुणाच नाही. असं मी खडू उडवत म्हणायचो. तोच मी — चुकीची बरणी उचलली.

त्या दिवशी खरी परीक्षा पाटीलबाईंची होती. मुरगूडच्या, नव्या, तात्पुरत्या नेमणुकीवरच्या. त्यांचं प्रात्यक्षिक बघून विभागप्रमुख त्यांना कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. द्रावण करून द्यायचं काम माझं. बाईंनी बेडकाच्या पायाकडं जाणारा तंतू अगदी अलगद सोडवला. प्रमुखांना यायला उशीर झाला, तंतू तसाच माझ्या द्रावणात भिजत पडला. मग ते आले, बाईंनी विजेचा झटका दिला — बेडकाचा पाय ढिम्म.

प्रमुखांनी माझ्याकडं पाहिलं. "थांबा, द्रावण तपासतो" म्हणायला कितीसं धाडस लागतं? मी म्हणालो, "हात नवा आहे, सर. तंतू ताणला असेल."

बाईंनी द्रावणाच्या बाटलीतला थेंब जिभेला लावला, माझ्याकडं एकदा बघितलं, स्वतः मिठाचं द्रावण केलं आणि तंतू त्यात ठेवला. प्रमुखांचा चहा संपेतो पाय असा उडाला, की त्यांनी कप मागं घेतला. बाई कायम झाल्या. पण "सुरुवातीला हात जड होता हो" असं प्रमुख पुढं कित्येक वर्षं सांगायचे — आणि शेजारी मी मान डोलवायचो.

बाईंनी माझं नाव कधीच काढलं नाही. माझा रुबाब त्यांच्या गप्प राहण्यावर उभा होता. माझ्या थोरलीला बारावीचं जीवशास्त्र त्यांनीच शिकवलं, घरी बोलावून, वर शेंगदाण्याचा लाडू हातावर ठेवून. आज ती डॉक्टर आहे. हे उपकार कसे मोजू?

त्याबद्दल बोलल्या त्या एकदाच — प्रात्यक्षिकाच्याच संध्याकाळी, सायकल स्टँडवर.

"साखर पडली त्याचं काय न्हाई, सर. पर माझ्या हातावर ढकललासा. लई भित्रं माणूस हाईसा तुम्ही."