म्युऑनच्या जोड्या आणि चपलांच्या थैल्या

नातीची ऑनलाइन मीटिंग चार वाजता होती, आणि तिच्या संगणकावरच्या आलेखात जिथे टेकडी उठायला पाहिजे तिथे नुसता सपाट उतार. टेकडी नाही दिसली तर तिचं काम गटाच्या यंदाच्या निकालातून वगळू, असं तिच्या सरांनी सांगून ठेवलेलं. पोरगी सकाळपासून जेवली नव्हती.

तिचं काम काय, ते तिनंच मला कितीदा समजावलंय. प्रोटॉनवर प्रोटॉन आपटतात, प्रचंड वेगानं. त्या टकरीतून कधीकधी एक जड क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्याही पोटातल्या कणांच्या जातीचा, आणि त्याचा उलटा जोडीदार एकमेकांना बांधलेले निघतात. ही जोडी क्षणभरही टिकत नाही. ती मोडताना कधीकधी म्युऑन नावाचे दोन कण उडतात, एक धन, एक ऋण. आपल्या हाती लागतात ते म्युऑन. ते जोडून मूळ जोडीचं वस्तुमान काढायचं. तेच उत्तर पुन्हा पुन्हा आलं की तिथं टेकडी उठते. मी सातवी शिकलेली बाई, पण हे ऐकताना माझ्या अंगावर काटा येतो, खरं सांगते.

मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "मले सांग, जोड्या कशा लावून राहिली तू?"

"एक धन घ्यायचा, एक ऋण घ्यायचा. झालं."

"कोणताही?"

आता, विहारात कार्यक्रम असला की चपला सांभाळायचं काम माझं. एका घरच्या चपला एका थैलीत, थैलीला बिल्ला. एकदा मी दोन थैल्या एकत्र ओतल्या आणि डावी-उजवी जुळवत बसले. जोड्या सगळ्या लागल्या, पण एकीची डावी दुसरीच्या उजवीला, आणि बाया माझ्यावर तुटून पडल्या. तेच तिला सांगितलं. "डावी-उजवी लागली म्हणजे जोडी नाही होत वं. थैली एक पाहिजे."

"आजी, तू मले आता चपला शिकवून..." बोलता बोलता ती पडद्याकडे वळली. तिच्याकडे थैली म्हणजे टकर.

खोट्या जोड्या कशा दिसतात ते पाहायला तिनं परवा मुद्दाम एका टकरीतला म्युऑन दुसऱ्या टकरीतल्याशी जोडला होता. प्रोग्राममधली ती सोय बंद करायचीच राहिली होती.

तिनं ती बंद केली, गणित पुन्हा लावलं. वीस मिनिटं मी घरभर येरझारा घातल्या. मग पडद्यावर उतार एका जागी थबकला आणि उंच, निमुळती टेकडी उभी राहिली. आम्ही दोघी उड्या मारत होतो, माझे गुडघे दुखतात तरी.

मीटिंगमध्ये सरांनी आलेख मोठा करून पाहिला. "तुझं काम यंदाच्या निकालात राहील," ते म्हणाले. दाराआडून मी टाळ्या वाजवल्या, आणि माइक सुरू होता.

"तिथं कोण आहे?"

"माझी आजी, सर," ती म्हणाली. "जोड्या तिनं तपासल्या."