कमरेचा फोटो

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. कुणी विचारलं नाही तरी मी हे सांगते, आणि सांगताना लाजत नाही. हसनाबादजवळच्या आमच्या गावात लोक अजूनही वडिलांना विचारतात, पोरगी काय करती? वडील सांगतात, फोटो काढती, हाडांचे. मग कुणीतरी म्हणतंच, बटन दाबायला एवढं कॉलेज कशाला लागतंय. वडील हसतात. मी हसत नाही. माणसाला कसं झोपवायचं, किरणं कुठून सोडायची, बारक्या लेकराला किती आणि जाड माणसाला किती, हे सगळं आधी ठरवावं लागतं. बटन सगळ्यात शेवटी येतं.

नोकरी मात्र अशी की बॅग पूर्ण रिकामी कधी केलीच नाही. एक्स-रेवाल्याची जागा जिथं रिकामी असेल तिथं एजन्सी पाठवते. कधी काही महिन्यांचं कंत्राट, कधी कुणाच्या बाळंतपणाच्या रजेपुरतं. जिल्ह्याच्या चारी बाजूंना राहून झालं. दर ठिकाणी खोली नवी, डबा नवा, मशीनच्या खोडी नव्या. एका ठिकाणी टेबलाला गुडघा लावल्याशिवाय ते सरकत नसे. लोकांची खोड मात्र सगळीकडं एकच. पेशंट एक, आणि आत शिरणारे चार.

त्यावर माझा इलाज ठरलेला आहे. सोबतच्यांनी बाहेर थांबा, किरणं लागतात, एवढंच मी म्हणते. डॉक्टरांनी चारदा सांगून न हलणारी माणसं 'किरणं' म्हटलं की उठतात. मग मी दार लावते, कडी घालते, आणि आत बाई असेल तर पहिला प्रश्न तिच्या पाळीचा विचारते. भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी असतेच, गरोदर असाल तर आधी सांगा म्हणून. कॉलेजात आम्हाला हा प्रश्न विचारायला शिकवलं होतं. त्याचं उत्तर सासू देते, हे कुणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरांच्या खोलीत सासू असते, वॉर्डात असते, गोळ्यांच्या खिडकीपाशीही असते. सुनेला एकटीला जावंच लागतं अशी दवाखान्यात एकच खोली, ती माझी.

त्या वेळी मी अंबड तालुक्यातल्या एका लहानशा सरकारी दवाखान्यात होते. एका सकाळी शहागडच्या बाजूचं एक कुटुंब आलं. सासू, मुलगा आणि सून. सून गोठ्यात पाय घसरून पाठीवर पडली होती, कंबर दुखत होती. डॉक्टरांनी पाळीचं विचारलं तेव्हा सासूनं परस्पर सांगून टाकलं होतं की आली की, बराबर आली. डॉक्टरांनी कमरेचा एक्स-रे लिहून दिला.

मी सासूला आणि नवऱ्याला बाहेर बसवलं, दार लावलं आणि विचारलं, "पाळी कधी आल्ती?"

तिनं आधी दाराकडं बघितलं. "कडी लावली ना?"

"लावली."

"दोन महिने झाले आली न्हाई," ती म्हणाली. "दिवस गेलेत. मला ठावं हाय."

मग तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. आदल्या वर्षीही दिवस गेले होते. सासूनं आनंदानं गल्लीभर पेढे वाटले, आणि तिसऱ्या महिन्यात ते पोटातून गेलं. त्यानंतर जो येईल तो बोलून गेला. कुणी तिच्या पाण्याच्या हंड्याला दोष दिला, कुणी तिच्या पायगुणाला. या वेळी तिसरा महिना उलटल्याशिवाय कुणाला कळू द्यायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, कारण नवऱ्याच्या पोटात आईपासून काही राहत नाही.

"डाक्तरला सांगा," ती म्हणाली. "पण घरी कळू देऊ नका. पाया पडते तुमच्या." आणि ती दुखऱ्या कमरेनं खरंच वाकायला लागली. मी तिचे खांदे धरले.

कमरेचा फोटो काढायचा नाही हे तर झालंच. किरणं थेट पोटातून जातात. आता हे बाहेर सांगायचं कसं, तेवढंच राहिलं होतं. मी दार उघडून म्हटलं की व्होल्टेज कमी आहे, आज कमरेचा फोटो निघणार नाही, पुन्हा डॉक्टरांकडं चला. ते पोचायच्या आधीच जाऊन मी डॉक्टरांच्या कानावर खरी गोष्ट घातली. त्यांनी तिला पुन्हा तपासलं. मणका दाबून बघितला, पाय उचलायला लावले, चालवून बघितलं. हाडाला काही नव्हतं, स्नायू आखडला होता. आधी लिहिलेल्या गोळ्या त्यांनी खोडून दुसऱ्या लिहिल्या, वजन उचलायचं नाही म्हणून बजावलं, आणि घरच्यांना सांगितलं की फोटोची आता गरज नाही.

तिथं मिटलं असतं. पण बाकावर एक म्हातारबाबा सुजलेलं मनगट धरून कधीचे बसले होते. मी त्यांना आत घेतलं. फोटो काढताना दारावरचा लाल दिवा लागतो. बाबांना घेऊन बाहेर आले तर सासू समोर उभी.

"आता कशी पेटली गं बत्ती?"

हाताला कमी लागतं, कमरेला जास्त लागतं, मी म्हटलं. ते खोटं नाही. कमी व्होल्टेजवर हाताचा फोटो निघतो, कमरेचा निघत नाही. फक्त त्या दिवशी व्होल्टेज चांगलं होतं.

सासूनं बाकाकडं तोंड केलं. "हिची कंबर बघा, मुठीत मावती. म्हणं हिला जास्त लागतंय."

बाकावरचे सगळे हसले. तोवर मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेला मुलगा उठला. म्हणाला, सोड ना आई, अंबडला खासगीत काढून घेऊ, जल्दी होऊन जाईल. मघाशी फोटो पाहिजे म्हणले, आता नको म्हणायलेत, मशीन बंद म्हणले, आता चालू हाय, ह्यांचं काही खरं न्हाई.

खासगीत सुनेला कुणी एकटीला विचारेलच असं नव्हतं. आणि सासूसमोर विचारलं तर ती खरं सांगणार नव्हती. ती बाकाच्या कडेला बसून माझ्याकडं बघत होती. नको म्हणायला तिच्याकडं कारण नव्हतं. सासूला काहीतरी लपवल्याचा वास आलाच होता. आणखी थोडं ताणलं असतं तर ती सुनेकडंच वळली असती. पुढचे प्रश्न बंद होतील असं काहीतरी सांगायला पाहिजे होतं, आणि सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं.

"मशीन चांगली आहे," मी म्हणाले. "मलाच अजून कमरेचा फोटो नीट जमत नाही, म्हणून व्होल्टेजचं नाव सांगितलं. पण साहेबांनी हातानं तपासलंय. हाड चांगलं आहे. उगं खर्चा करू नका."

सासूचा चेहरा सैल झाला. चोर सापडला होता.

"मंग आधीच बोलायचं की," ती म्हणाली. "इतकी साळा शिकून बी जमना व्हय? काय शिकवलं गं तुला कॉलेजात?"

कॉलेजात काय शिकवलं ते मला सगळं आठवत होतं. कमरेच्या फोटोला प्रात्यक्षिकात वर्गात सर्वांत जास्त मार्क मलाच होते, तेही ओठांवर आलं होतं. मी भिंतीवरच्या पाटीकडं बघत राहिले. मुलाचा खर्च वाचला होता, त्यानं मोबाइल खिशात घातला. साहेबच म्हणले ना गरज न्हाई, चल, असं आईला म्हणाला. सून त्यांच्या मागं सावकाश निघाली. तिनं मागं वळून बघितलं नाही ते बरं केलं.

म्हातारबाबा अजून तिथंच उभे होते. त्यांनी सुजलेला हात पुढं केला. "म्याडम, माझा तरी बराबर आला का?"

बराबर आला, मी त्यांना सांगितलं.

ही गोष्ट त्या बाजूच्या गावांत पोचायला वेळ लागला नाही. शिपाई मला येऊन सांगायचा की लोक खिडकीवर विचारायलेत, आज तीच बाई हाय का दुसरी कुणी. डॉक्टर म्हणाले, मी बोलू का काही? मी म्हटलं, काय बोलणार? मला वाईट वाटलं नाही असं नाही. सुट्टीला घरी गेले तेव्हा वडिलांनी कामाचं विचारलं, मी म्हटलं, चांगलं चाललंय. आमच्या गावातली बटनवाली माणसं आठवली की ताटावरून उठावंसं वाटायचं. तरी त्या दिवसांत आठवण यायची ती त्या पोरीचीच. तिसरा महिना उलटला असेल का, असा हिशोब मी मनातल्या मनात लावत असे. विचारायला कुणी नव्हतं.

दोनेक महिने गेले. कंत्राट वाढलं म्हणून मी अजून तिथंच होते. गरोदर बायांच्या तपासणीचा दिवस होता. बाहेर बोलण्याचा आवाज आला आणि मी तो ओळखला. सून पुढं, पोट चांगलं दिसायला लागलेलं, आणि सासूचा हात तिच्या पाठीवर. सासू ओळीतल्या सगळ्यांना सांगत होती की पाचवा चालू हाय, साहेबांनी सगळं चांगलं हाय म्हणून सांगितलं. तिची नजर माझ्यावर पडली. आली ती थेट माझ्या दारापाशी.

"बरं झालं बाई, तुला त्या दिशी जमलं न्हाई ते," ती म्हणाली. "आम्हाला काय म्हाईत पोटात हाय म्हणून. तू शिकलेली असतीस तर फोटो काढून मोकळी झाली असतीस."

तिच्या मागं सुनेनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती का रडत होती ते मला दिसलं नाही. डोळे मात्र माझ्यावर होते.

"आता तरी शिकलीस का?" सासूनं विचारलं.

"शिकून राह्यले," मी म्हणाले.

"शिक माय, शिक. पोटाचा सवाल हाय." तिनं माझ्या गालावरून हात फिरवला आणि वळून बाकावरच्या एका अनोळखी बाईला, मला ऐकू येईल अशा बेतानं, समजावून सांगितलं की ही पोरगी गुणाची हाय, हातापायाचे फोटो चांगले काढती, कमरेचं असलं तर मातर अंबडला जावं.

त्या बाईचा गुडघा होता. ती निर्धास्तपणे आत आली.