पाठीवरून ओळखणारे मामा

आमच्या मुरुडच्या बैलबाजारात मामा एकटेच असे दलाल होते, जे बैलाच्या तोंडाकडे बघत नसत. मालक शिंगं रंगवून, झूल चढवून बैल पुढे आणायचा आणि मामा शांतपणे मागच्या बाजूला जायचे. "समोरून समदेच देखणे असत्यात. पाठ खोटं बोलत न्हाई," म्हणायचे. शेतापलीकडून चाललेलं जनावर देवणी की लाल कंधारी, हे नुसत्या पाठीच्या हलण्यावरून सांगायचे.

पण ट्रॅक्टर आले, उरलेले सौदे मोबाइलच्या फोटोवर होऊ लागले. "आता या नजरेला कोन इचारतंय, सर?" असं ते एकदा मला म्हणाले आणि भर बाजारातून घरी निघून गेले. मामा, आणि बाजार सोडून! मी घाबरलो.

त्याच आठवड्यात शाळेत एक पार्सल आलं. आत देवमासे आणि डॉल्फिन ओळखण्याचा भलामोठा तक्ता आणि शिबिराचं निमंत्रण : 'एक शिक्षक व समुद्राशी रोजचा संबंध असलेला एक गावकरी.' जो उत्तम ओळखेल त्याला आठ दिवस मोजणीच्या बोटीवर जागा. पत्त्यावर नुसतं 'मुरुड'. हे कोकणातल्या मुरुडचं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी परत पाठवणार होतो. तेवढ्यात शाळेत डोकावलेल्या मामांनी तक्त्यावर हात ठेवला. "आपल्या गावाचं नाव हाय ना? मंग आपलंच!"

शिबिरात पोचलो तर प्रमुख ताईंनी कपाळाला हात लावला. "लातूरचं मुरुड? अहो, तिथे समुद्र कुठे आहे?"

"तुमच्याकडं बैलबाजार हाय का? न्हाई ना? मंग फिट्टंफाट," मामा म्हणाले.

ताईंना हसू आवरेना. आम्ही राहिलो.

ताई शिकवत होत्या, "प्राणी दोनच सेकंद वर येतो. तोंड दिसत नाही. पाठ बघा, पाठीवरचा पर, म्हणजे तो त्रिकोणी पंख, बघा." मामांनी माझ्या बरगडीत असं कोपर मारलं की वही खाली पडली.

तिसऱ्या दिवशी बोटीवर परीक्षा. पहिला कळप आला, तो पाठीवर उंचवटा असलेल्या डॉल्फिनचा. मामा ओरडले, "वशिंडवाले!" बाकीच्यांनीही तेच नाव शुद्ध भाषेत सांगितलं. मग दूर पाण्यात एक गुळगुळीत काळी पाठ लोळली आणि बुडाली. "डॉल्फिनचं पिल्लू!" सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज माझा.

"पिल्लू न्हाई, थोराड हाय. आन् भुंडं हाय," मामा म्हणाले. आमच्याकडे बिनशिंगाच्या जनावराला भुंडं म्हणतात. "पाठीवर पर हाय का बगा. नाव मला म्हनता येत न्हाई, पन तक्त्यात खालून दुसरं."

ताईंनी कॅमेऱ्यातला फोटो मोठा केला. खालून दुसरं! पाठीवर पर नसलेली पोरपॉइज, डॉल्फिनची ठेंगणी चुलतबहीण! बोटीवर टाळ्या झाल्या. मी तर शिट्टी मारली. शिक्षक असल्याचं विसरून.

दुसऱ्या सकाळी मोजणीची बोट निघाली. धोतर खोचून मामा पुढच्या टोकाला उभे, मी धक्क्यावर. त्यांनी मला हात केला नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. मला राग यायला हवा होता. तेवढ्यात गळ्यात दुर्बीण असलेल्या ताईंचा आवाज पाण्यावरून आला, "मामा, उजवीकडे काय आहे हो?"

आणि मामा, बाजारात सौद्याआधी घेत तसा, मुद्दाम वेळ घेऊ लागले.